कामाची तारीख, कामाची वेळ

फोन हातात घ्या आणि कॅलेंडर उघडा. महिना नको, आठवडाही नको. फक्त आजचा दिवस. कामांची यादी कॅलेंडरला जोडलेली असेल तर ती कामंही दिसू द्या. आता वीसेक मिनिटं काहीही हलवायचं नाही. कशावर झाल्याची खूण करायची नाही, तारीख बदलायची नाही, नवं काही लिहायचं नाही. मध्येच नोटिफिकेशन आलं तर ते येऊन जाऊ दे. पाठ टेकून बसा. हे पान आपण रोज बघतो, पण आता पुढे काय आहे एवढंच शोधण्यासाठी. आज त्यावर काय कसं बसलं आहे ते बघू.

नजर आधी सगळ्यात वर न्या. तारखेच्या खाली आणि तासांच्या रेघांच्या वर एक अरुंद पट्टी असते. ज्या कामांना तारीख दिली पण वेळ दिली नाही, ती इथे येऊन थांबतात. वीजबिल. गॅस बुक करणे. आईचा हयातीचा दाखला. गळतीबद्दल सोसायटीला पत्र. एकाखाली एक, प्रत्येकाला एक ओळ. वीजबिल फोनवरून भरायला दोन मिनिटं लागतात. गळतीच्या पत्राला अख्खी संध्याकाळ जाते, कारण आधी वरच्या मजल्यावर जाऊन बोलायचं असतं, भिंतीचे फोटो काढायचे असतात, मागच्या वर्षीचं पत्र शोधायचं असतं. पट्टीत मात्र दोघांची उंची सारखीच.

या ओळी सावकाश वाचा. काही ओळींवरून नजर पटकन सरकते, एखादीपाशी अडकते. सरकते ती का सरकते, याचं उत्तर लगेच शोधू नका. पुन्हा एकदा वरून खाली वाचा.

आता यातलं एकच काम निवडा आणि त्याच्यापाशी थांबा. ही तारीख त्याला कुणी दिली? बँकेनं, सरकारनं, शाळेनं, की मागच्या रविवारी रात्री तुम्ही स्वतः, यादी आवरताना? बाहेरून आलेली तारीख चुकली तर दंड असतो, कनेक्शन तुटतं, फॉर्म नाकारला जातो. स्वतः दिलेली तारीख चुकली तर ती उद्यावर जाते, बस. पट्टीत दोन्ही एकाच रंगात, एकाच अक्षरात उभ्या असतात. महिनाभर हे असंच चाललं की मनाला दोन्हींचा सारखाच धाक वाटू लागतो, आणि पुढे पुढे दोन्हींचा सारखाच कंटाळा.

हयातीच्या दाखल्याचंच बघा. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तो सहसा दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. बहुतेक घरांत यादीत तारीख पडते ३० नोव्हेंबर, कारण ती शेवटची. कॅलेंडर ते काम इमानानं ३० नोव्हेंबरच्या पानावर नेऊन ठेवतं. म्हणजे ज्या दिवशी हे काम करायचं राहू नये, नेमकं त्याच दिवशी ते समोर येतं. आईला बँकेत न्यायचं की घरीच फोनसमोर चेहरा दाखवून जीवन प्रमाणपत्र काढायचं, हे तिच्या गुडघ्यावर, तुमच्या रजेवर आणि त्या दिवशी इंटरनेट कसं चालतंय यावर ठरणार. तो दिवस नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कुठेतरी आहे. त्या दिवसाच्या पानावर काहीच लिहिलेलं नाही.

इथे थोडं रेंगाळू या, कारण माझ्या मते साऱ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे. कामाला दोन तारखा असतात. एक, ज्या दिवसापर्यंत ते व्हायला हवं ती. दुसरी, ज्या दिवशी आपण ते हातात घेणार ती. पहिली बहुधा दुसऱ्याची असते, दुसरी नेहमी आपली असते. वीजबिलावर तर लवकर भरणाऱ्याच्या सवलतीची तारीख वेगळी आणि भरण्याची अंतिम तारीख वेगळी असते. त्यात तुमच्या खात्यात पगार येतो तो दिवस तिसरा.

कॅलेंडरांनी आपसात बोलावं म्हणून आयकॅलेंडर नावाचं एक मानक ठरलं. ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २००९ मध्ये सुधारून पुन्हा आलं. आपली बरीचशी अ‍ॅप आजही त्याच भाषेत एकमेकांना माहिती देतात. त्या मानकात ‘काम’ आणि ‘इव्हेंट’ हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि कामाला सुरुवातीची तारीख वेगळी, मुदतीची तारीख वेगळी, असे दोन कप्पे पहिल्यापासून आहेत. ज्यांनी ते लिहिलं त्यांना हा फरक नीट कळला होता. पुढे रोजच्या वापरातल्या पुष्कळ अ‍ॅपांनी सोयीसाठी तारखेचा एकच रकाना ठेवला. आपण त्यात कधी मुदत लिहितो, कधी मनातला बेत, आणि आठवड्यानंतर आपलं आपल्यालाच कळत नाही की यातलं काय लिहिलं होतं.

निवडलेल्या कामाकडे परत या. त्याच्या दोन्ही तारखा मनात वेगवेगळ्या म्हणा. मुदत अमुक. हातात घेण्याचा दिवस अमुक. दुसरी म्हणता येत नसेल, ओठांवर काहीच येत नसेल, तर त्या रिकाम्या जागेशी जरा बसा. घाईनं कुठलाही दिवस नेमू नका. त्या कामाला अजून दिवस मिळालेला नाही, हे कळणं पुरेसं आहे.

कोणतं कर्म कोणत्या दिवसाचं, हा विचार आपल्याकडे पंचांग करणारे फार जुन्या काळापासून करत आले आहेत. तिथी मध्यरात्री बदलत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पूर्ण होते. तिला कधी वीसेक तास पुरतात, कधी सव्वीसेक लागतात. ती दुपारी सुरू होईल, पहाटे संपेल. भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र दिवसाला एकच चौकोन आहे. म्हणून ठरवलं गेलं की सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या चौकोनात लिहायची. आता खरी गंमत पुढे आहे. व्रत किंवा सण कोणत्या दिवशी, हे ठरवताना केवळ हा नियम लावत नाहीत. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी हवी. गणेश चतुर्थीला ती मध्यान्ही हवी. रामनवमीलाही मध्यान्ह बघतात, गोकुळाष्टमीला मध्यरात्र. म्हणजे ते कर्म मुळात कोणत्या प्रहराचं आहे हे आधी विचारायचं, आणि तो प्रहर ज्या चौकोनात पडेल तिथे ते लिहायचं. घराघरांत संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ शोधतात ती यासाठीच. उपास सोडायचा तर दिवस कळून भागत नाही, चंद्र कधी उगवतो ते लागतं.

तोच प्रश्न वरच्या पट्टीतल्या एकेका ओळीला विचारून बघा. हे काम कोणत्या प्रहराचं आहे? सोसायटीचं पत्र सकाळच्या ताज्या डोक्याचं आहे की रात्री घर शांत झाल्यावरचं? आत्याला फोन दुपारी चारनंतरच करता येतो, कारण त्याआधी त्या झोपलेल्या असतात. बँकेचं काम दुपारच्या जेवणाआधीचं. इस्त्रीचे कपडे आणणं कोणत्याच प्रहराचं नाही, ते येता-जाता होतं. त्याला वरच्या पट्टीतच राहू द्या, तिथे ते अगदी योग्य आहे. प्रत्येक कामाला तास नेमून द्यावा असं मला वाटत नाही. काहींना नुसता दिवस पुरतो. पण ज्या कामाला प्रहर आहे त्याला तो न देता पट्टीत ठेवलं, तर दिवसभर ते डोळ्यांपुढे राहतं आणि दिवसातल्या कुठल्याच क्षणाशी त्याची गाठ पडत नाही.

नजर आता खाली आणा, तासांच्या रेघांवर.

इथे रंगीत चौकोन आहेत. काही खऱ्या भेटी आहेत: दातांचा डॉक्टर, शाळेतली पालकसभा, कार्यालयातली बैठक. काही कामंच आहेत, ज्यांना वेळ दिल्यामुळे ती वरून खाली उतरली. दोघांमधला फरक बघा. काही अ‍ॅपांत कामाच्या बाजूला एक छोटं वर्तुळ असतं, झाल्याची खूण करायला. आयफोनवर २०२४ मध्ये आयओएस १८ आल्यापासून रिमाइंडर असेच कॅलेंडरात दिसू लागले. पण यादीचं अ‍ॅप एकाचं आणि कॅलेंडर दुसऱ्याचं असेल तर पुष्कळदा काम तिकडे काम म्हणून पोचत नाही. बरीच कॅलेंडरं मानकातला ‘काम’ हा प्रकार वाचतच नाहीत. म्हणून यादीचं अ‍ॅप त्याला इव्हेंटचा वेश देऊन पाठवतं.

या वेशांतरात एक गोष्ट हरवते, आणि तिच्यापाशी थांबलं पाहिजे. मानकाप्रमाणे कामाची अवस्था चार प्रकारची असते: करायचं आहे, चालू आहे, झालं, रद्द. इव्हेंटच्या अवस्था तीनच: कच्चा, पक्का, रद्द. ‘झालं’ ही अवस्था इव्हेंटला नाहीच. तिची गरज नव्हती, कारण लग्न असो की बैठक, वेळ सरली की ती होऊन गेलेली असते. कामाचं तसं नाही. सकाळी दहा ते अकरा ‘विम्याचे कागद’ असा चौकोन आहे. अकरा वाजले. तुम्ही कागदांना हात लावला असो वा नसो, चौकोन त्याच फिक्या रंगात मागे सरकतो. संध्याकाळी दिवसाकडे बघितलं तर तो भरगच्च दिसतो, आणि केलेलं आणि राहिलेलं एकसारखं दिसतं.

आजच्या पानावर असा एखादा चौकोन असेल. वेळ होऊन गेली, पण काम झालं का, ते चौकोन सांगत नाही. तुम्हाला मात्र माहीत आहे. स्वतःला रागावू नका. नुसतं त्याला त्याच्या खऱ्या नावानं म्हणा: झालं, अर्धं झालं, सुरूच केलं नाही. एकेका चौकोनावर नजर ठेवून हे म्हणत खाली या.

आता चौकोनांची उंची बघा. काम वेळ घालून ठेवलं पण किती वेळ ते सांगितलं नाही, तर कॅलेंडर स्वतःहून एक उंची देतं, अर्धा तास किंवा तासभर. ती उंची कुणी विचार करून दिलेली नाही, तरी तिच्याकडे बघून आपण दिवसाचा हिशेब करतो. आणि आपण विचार करून दिलेली उंचीही सहसा तोकडीच असते. डॅनियल काह्नमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये माणसाच्या या सवयीवर बोट ठेवलं. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की किती दिवसांत संपेल. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळंच बिघडलं तर किती, यावर सरासरी उत्तर होतं ४८.६. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा अपुरा पडला. काम पुढे बघताना सरळ दिसतं. फोन येतो, कागद सापडत नाही, सही करणारा रजेवर असतो, हे त्या चित्रात नसतं.

आजच्या एका चौकोनावर बोट न टेकवता नजर टेकवा. हेच काम याआधी केलं होतं तेव्हा खरोखर किती वेळ गेला होता, ते आठवा. हे कसं व्हायला हवं, हा प्रश्न इथे नाही. मागच्या वेळी काय झालं, तेवढंच. कागद काढण्यात गेलेला वेळ, चहा, परत बसणं, सगळं धरून. मनातल्या मनात चौकोन तितका उंच करा. तो खालच्या कामावर जाऊन आदळतो का? आदळू द्या. दिवसाचं खरं माप असंच दिसतं, आणि ते दिसणं मला चौकोन नीट रचण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

काम यादीतून ओढून एखाद्या तासावर सोडलं की मनाला हलकं वाटतं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. ते खोटं नाही. २०११ मध्ये मॅसिकाम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी दाखवलं की अपुरं राहिलेलं उद्दिष्ट दुसऱ्या कामात मध्ये मध्ये डोकावत राहतं, पण ते कसं करणार याची नेमकी योजना आखली की ते डोकावणं थांबतं. उद्दिष्ट अजून पुरं झालेलं नसलं तरीही. मन योजनेवर विश्वास ठेवतं. म्हणून तर ती योजना खरी असायला हवी. दर रविवारी ओढून ठेवलेले आणि दर बुधवारी पुढे ढकललेले चौकोन मनाला हळूहळू शिकवतात की या पानावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. मग काम तासावर बसलेलं असूनही रात्री दोनला डोकावतं.

पुढे ढकलली गेलेली कामं वेगवेगळ्या अ‍ॅपांत वेगवेगळी दिसतात. गूगल कॅलेंडरात राहिलेली कामं आजच्या पानावर एकत्र गोळा होतात. काही अ‍ॅपांत ती आपल्या जुन्या तारखेलाच, तांबड्या अक्षरांत बसून राहतात. झालेल्यांवर रेघ ओढली जाते, ती ठीक आहेत, त्यांना सोडा. राहिलेल्यांच्या मूळ तारखा एकदा वाचा. एखादं काम तीन महिन्यांपूर्वीचं निघेल. त्याची मुदत तेव्हाच संपली असेल आणि काही बिघडलंही नसेल. ते रद्द करणं ही मानकातली चौथी अवस्था आहे, आणि तीही काम मार्गी लावण्याची एक प्रामाणिक रीत आहे.

मुलं परदेशी असलेल्या घरांसाठी एक लहानशी गोष्ट. नुसती तारीख असलेलं काम काही अ‍ॅपं ‘त्या दिवशीची जागतिक वेळेतली मध्यरात्र’ म्हणून साठवतात. १५ तारखेचं काम मग पुण्यात पहाटे साडेपाचला दिसतं आणि न्यू जर्सीत १४ तारखेच्या संध्याकाळी. सकाळी आठची रक्तदाबाची गोळी जिथे जाल तिथल्या सकाळी आठलाच हवी. भावाबरोबरचा व्हिडिओ कॉल मात्र दोन्ही गावांत एकाच क्षणी हवा. मानकात या दोन्ही वेळा वेगवेगळ्या लिहायची सोय आहे. प्रवासाला निघण्याआधी विचारून घ्यावं: यातले आठ कुणाचे?

आता कॅलेंडर बंद करा आणि यादी उघडा.

पानावर जे दिसलं ते बघून झालं. जे तिथे दिसलंच नाही ते इथे आहे: ज्यांना तारीखच नाही अशी कामं. मानकात यांच्याबद्दल एक सुंदर तरतूद आहे. ज्या कामाला ना सुरुवात ना मुदत, ते पूर्ण होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येक दिवसाचं मानावं. आजचं, उद्याचं, परवाचं. आज बहुतेक अ‍ॅपं असं दाखवत नाहीत. तारीख नसलेलं काम कॅलेंडरात येतच नाही. पान गच्च होऊ नये म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण त्यामुळे जे प्रत्येक दिवसाचं होतं ते कोणत्याच दिवसाचं राहत नाही.

यातली पाच-सहा कामं वाचा. वडिलांचे जुने फोटो स्कॅन करणे. दुचाकीच्या विम्याचं वारसनाव बदलणे. मोठ्या काकूंकडून लिंबाच्या लोणच्याची कृती लिहून घेणे. यांच्यावर कुणी मुदत घातलेली नाही. काकू ८१ वर्षांच्या आहेत, म्हणजे मुदत आहे, पण ती रकान्यात लिहिता येत नाही आणि लिहूही नये. अशा कामाला आपल्या मनानं एखादी खोटी तारीख दिली तर ती बाकीच्या खोट्या तारखांमध्ये मिसळून जाईल आणि बुधवारी पुढे ढकलली जाईल.

मग त्याला दिवस कसा मिळावा? हे काम एकट्याचं नाही हे लक्षात घ्या. त्याचा प्रहर काकूंना माहीत आहे. फोन आता हातातच आहे, तर त्यांनाच विचारा: लिंबं कधी चांगली मिळतात, स्वयंपाकघर कोणत्या वेळी मोकळं असतं, बसून सांगायला त्यांना किती वेळ जमेल. त्या म्हणतील तो वार, ती वेळ, आणि त्या म्हणतील त्याच्या दुप्पट उंचीचा चौकोन. तो काम म्हणून टाकू नका, इव्हेंट म्हणूनच टाका, त्यांच्या घराच्या पत्त्यासह. कारण तिथे दुसरं माणूस वाट बघत असणार आहे.